‘आधीपासूनच तसं होतं’

मुंबईतल्या आमच्या गल्लीत पावसाळ्यात चालायची एक रीत आहे. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर पाय टाकायच्या आधी चपलेच्या टोकानं तो दाबून बघायचा. हलला तर सोडायचा, पुढचा बघायचा. न बघता पाय टाकलात तर खाली साचलेलं गढूळ पाणी फटीतून पिचकारीसारखं उडतं आणि विजार गुडघ्यापर्यंत रंगते. शाळेच्या पोरांना हे पेव्हर पाठ आहेत. कुठला नुसता वाजतो, कुठला बुडतो, मित्राच्या मोज्यांवर पाणी उडवायला कुठला बरा, सगळं त्यांना माहीत. शेजारच्या काकूंना मात्र ते पाठ झालं नाही. गेल्या जुलैत भाजीची पिशवी घेऊन येताना त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. नेमक्या कशावर अडखळल्या, ते पुढे सांगतो. त्यात माझाही थोडा हात आहे.

चार वर्षांपूर्वी हा फुटपाथ असा नव्हता. शेजारची ४ मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली, तिथे आता २२ मजले उभे आहेत आणि मधल्या काळात फुटपाथचा साठेक फुटांचा तुकडा गेला. गेला म्हणजे आहे तिथेच आहे, फक्त त्यावरून चालता येत नाही.

फुटपाथवर बसवतात ते पेव्हर साधारण ६० मिलिमीटर जाडीचे, खाली वाळूचा थर. माणसांच्या वजनाला तेवढं पुरतं. आता आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या, एका मिक्सर गाडीचा हिशोब करा. ६ घनमीटर काँक्रीट म्हणजे १४ टनांच्या वर, त्यात गाडीचं स्वतःचं वजन. भरलेली गाडी २५ टनांच्या आसपास जाते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, एका दमात वळण बसत नाही. मग मागचं चाक कर्बवर, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडांवर, चढवायचं, पुढे घ्यायचं, पुन्हा मागे. एका स्लॅबला अशा कितीतरी गाड्या, आणि स्लॅब बावीस. आधी कर्बचे दगड आडवे झाले, मग पेव्हर दबले, मग गटारावरचा ढापा मधोमध चिरला. त्यावर साइटवाल्यांनी एक लोखंडी प्लेट आणून टाकली. ती रात्री प्रत्येक गाडीबरोबर खणखणायची. पुढे ती काढली तेव्हा पहिले काही दिवस मला शांततेनं जाग यायची.

हे झालं डोळ्यांना दिसणारं नुकसान. बेसमेंटसाठी खोल खोदाई झाली की कडेची माती आत सरकते आणि फुटपाथवर रस्त्याला समांतर एक केसासारखी भेग उमटते. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं, खालची वाळू वाहून जाते आणि वर्षभरानं वरून धड दिसणारा फुटपाथ एके दिवशी खचतो. तोवर पायाचं काम करणारा पायलिंगवाला तिसऱ्याच उपनगरात पोचलेला असतो. शिवाय मिक्सर धुतलेलं पाणी. ते सरळ गटारात जातं, सिमेंट तळाशी बसून घट्ट होतं आणि पहिल्या मोठ्या पावसात ‘नालेसफाई नीट झाली नाही’ म्हणून आपण भलत्यालाच शिव्या घालतो.

काम संपत आलं तेव्हा मी साइट इंजिनिअरला गाठलं. कराडकडचा तरुण मुलगा, बोलायला गोड. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, ‘‘काका, हे आधीपासूनच तसं होतं.’’

खरं सांगतो, क्षणभर माझाच विश्वास डळमळला. फुटपाथ धड असतो तेव्हा तो कुणाच्या लक्षात राहतो? आपण वीस वर्षं त्यावरून चालतो आणि तो कसा होता ते सांगता येत नाही. साइटवाल्यांची सगळी भिस्त नेमकी यावर असते. घरी येऊन मी फोनमधले जुने फोटो चाळले तेव्हा गणपती आणतानाचा एक सापडला. भाचा मूर्ती घेऊन उभा, डोक्यावर टोपी, आणि पायांखाली सलग पेव्हर, सरळ रेषेत काळा-पिवळा कर्ब, मागे शेजारच्या सोसायटीचं जुनं हिरवं गेट. इंजिनिअरनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, कर्ब बघितला, गेट बघितलं आणि ‘‘हं,’’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन कडिये आले. अर्धी गोणी सिमेंट, थोडी वाळू, फुटपाथवरच माल कालवला आणि सगळ्यात वाईट भागावर ठिगळ मारून दुपारच्या जेवणाच्या आत निघून गेले. ठिगळ आजूबाजूच्या पेव्हरपेक्षा इंचभर वर होतं. काकू अडखळल्या त्या ठिगळाच्या कडेला. मी फोटो दाखवला नसता तर ते ठिगळ तिथे नसतं.

तक्रार घेऊन दोन-तीन टेबलं फिरलो. तिथेही उत्तरं तयार होती. बांधकामाची परवानगी बघणारे म्हणाले, आम्ही प्लॉटच्या आतलं बघतो. रस्ते बघणारे म्हणाले, नवीन काम निघेल तेव्हा तो तुकडाही होऊन जाईल. होऊन जाईल म्हणजे कुणाच्या पैशानं? तुमच्या-माझ्या. नव्या फुटपाथचं कंत्राट निघतं, त्याला दोषदायित्वाची मुदत असते, म्हणजे तेवढ्या काळात काम बिघडलं तर कंत्राटदारानंच दुरुस्त करायचं, आणि त्या मुदतीत पेव्हर उखडले की कंत्राटदार शेजारच्या साइटकडे बोट दाखवून मोकळा होतो. ‘डंपर चढला त्याला मी काय करू?’ त्याचंही खोटं नसतं. म्हणजे मोडणारा भरत नाही, बांधणारा हमी पाळत नाही आणि दोघांच्या मधला खर्च शहर उचलतं.

तर मग जबाबदार कोण? गल्लीत विचारलं तर कुणी बिल्डर म्हणेल, कुणी महापालिका म्हणेल. माझं उत्तर लोकांना आवडत नाही. ज्याच्या प्लॉटवर काम चाललंय, तो प्लॉटचा मालक जबाबदार. आणि आमच्या गल्लीतल्यासारख्या पुनर्विकासात तो मालक म्हणजे सोसायटी. म्हणजे आपणच.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्यात रस्त्याच्या व्याख्येत पायवाटही येते, सार्वजनिक रस्ते पालिकेच्या ताब्यात आहेत, परवानगीशिवाय ते खोदता येत नाहीत की त्यावर बांधकामाचं सामान टाकता येत नाही. परवानगी घेतली तरी कुंपण घाला, रात्री उजेड ठेवा, असंही त्यात आहे. घोडागाडीच्या काळात केलेला कायदा, पण हेतू स्वच्छ. अडचण एवढीच की हा सगळा विचार परवानगी मागायला येणाऱ्याचा आहे. मिक्सरचं मागचं चाक परवानगी मागत नाही. खोदणारा दिसतो, चिरडणारा दिसत नाही. विजेची केबल किंवा गॅसची लाइन टाकायला चर खोदायचा असेल तर त्या कंपनीला रस्ता पूर्ववत करण्याचा आकार आधी भरावा लागतो, मगच कटर लागतो. मोडणाऱ्यानं भरायचं, तेही आधी, हे तत्त्व या शहरात आहेच. ते इमारतीच्या गेटपाशी येऊन थांबतं.

इंग्लंडमध्ये १९८० चा हायवेज ॲक्ट आहे, त्याचं १३३ वं कलम नेमकं आपल्या प्रश्नावर आहे. लगतच्या जमिनीवरच्या खोदाईनं किंवा इतर कामानं पायवाटेचं नुकसान झालं तर रस्त्याची यंत्रणा ते दुरुस्त करू शकते आणि वाजवी खर्च जमिनीच्या मालकाकडून किंवा नुकसान करणाऱ्याकडून वसूल करू शकते. यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मालक आधी, करणारा नंतर. बांधकामावर पाडकामवाला वेगळा, पायलिंगवाला वेगळा, काँक्रीट पुरवणारा वेगळा, डेब्रिज, म्हणजे राडारोडा, उचलणारा वेगळा. नेमकं कुणाच्या चाकानं कुठला कर्ब पाडला हे शोधत बसलं तर दुसरी इमारत पुनर्विकासाला येईल. जमीन मात्र कुठे जात नाही. मालकाला एकदा बिल लागलं की तो आपल्या बिल्डरकडून, बिल्डर ठेकेदाराकडून आणि ठेकेदार गाडीवाल्याकडून बरोबर वसूल करतो. ही साखळी आपल्याकडे सिमेंटच्या दरापासून मजुरीपर्यंत सगळीकडे चालते, फुटपाथलाच का चालू नये?

यावर ताबडतोब येणारा आक्षेप मी पार्ल्यात ऐकलाय, मुलुंडला ऐकलाय, चेंबूरच्या टिळक नगरात एका लग्नाच्या पंगतीतही ऐकलाय. ‘बिल्डर प्रीमियम भरतो, फंजिबल एफएसआयचे, म्हणजे जादा बांधकाम क्षेत्राचे, पैसे भरतो, विकास शुल्क भरतो. त्यातून नाही का करता येत?’ हे पैसे प्रचंड असतात, मान्य. पण ते जादा बांधायला मिळतं म्हणून आणि नव्या माणसांचा पाणी, गटार, रस्त्यांवर भार पडणार म्हणून घेतात. त्यात समोरची वाट मोडायचा परवाना येत नाही. हॉलचं भाडं भरलं म्हणून जाताना खुर्च्या मोडून गेलेलं कुणी ऐकून घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मुंबईतले फुटपाथ कुठे धड आहेत? जिथे एकही इमारत पाडलेली नाही, तिथेही पेव्हर डुलतात. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पायवाटेला चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. तुमच्या गल्लीत टेप घेऊन जा. असे फुटपाथ बांधणाऱ्या पालिकेनं दुसऱ्याकडून भरपाई मागायची, हे थोडं हास्यास्पद आहेच. पण म्हणूनच मी म्हणतो की पाडकामाच्या आधी फोटो काढा. फुटपाथ आधीच मोडका असेल तर बिल्डर आणि सोसायटी सुटतील, ‘आधीपासूनच तसं होतं’ हे तेव्हा पुराव्यानिशी खरं ठरेल. नसेल तर नसेल. प्रत्येक दहा फुटांवर एक फोटो, तारीख दिसेल असा, सोसायटी, बिल्डर आणि पालिका तिघांच्या सहीनं फाइलला लावायचा. अर्ध्या तासाचं काम. आज आयओडीपासून (बांधकामाची सुरुवातीची मंजुरी) ओसीपर्यंत (राहायला जायचा दाखला) फाइल गलेलठ्ठ होत जाते, त्यात झाडांचं येतं, अग्निशमनाचं येतं, लिफ्टचं येतं. मी ज्या एक-दोन फायली सोसायटीच्या निमित्तानं उघडून बघितल्या त्यात फुटपाथचा एकही फोटो नव्हता.

फोटोनंतर पैसे. समोरच्या फुटपाथच्या लांबीच्या हिशोबानं अनामत ठेवून घ्यावी आणि ओसीच्या आधी त्याच जागांचे पुन्हा फोटो काढून ती परत करावी किंवा कापावी. दुरुस्ती मात्र बिल्डरच्या कडियाकडून करून घेऊ नये, हे मी अनुभवानं सांगतो. पैसे त्याचे, काम पालिकेच्या फुटपाथवाल्याचं, नाहीतर ठिगळं मिळतात. आणि पाडकामाच्या आधीच गेटसमोरच्या पट्ट्यात पेव्हर काढून जाड काँक्रीट घातलं तर निम्मं नुकसान होणारच नाही. गाडी तिथूनच जाणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. इमारत पूर्ण झाल्यावर कॅरेज एन्ट्रन्स, म्हणजे गाड्या आत जायची वाट, व्यवस्थित करतातच, मग जड गाड्या जायच्या काळात ती जागा पेव्हरच्या भरवशावर का सोडतात?

बिल्डर ऐकणार नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑक्टोबर २०२३ आठवावा. हवा बिघडली, पालिकेनं नियम काढले. ७० मीटरपेक्षा उंच इमारतींना आणि एकराहून मोठ्या साइटना ३५ फूट पत्रे, एकराखालच्या साइटना २५ फूट, गेटवर गाड्यांची चाकं धुवायची सोय. काम थांबवायच्या नोटिसा निघायला लागल्या आणि पत्रे भराभर उभे राहिले. काम थांबणार म्हटलं की या धंद्यात सगळं सुचतं. (आमच्याकडे त्याच पत्र्यांचे खांब फुटपाथ फोडून रोवले होते. हवेसाठी लावलेल्या पत्र्यांनी वाट खाल्ली.)

न्यायालयं तर याच्या पुढे गेली आहेत. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालायला धड फुटपाथ असणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या हक्काचा भाग आहे आणि अपंगांनाही तो वापरता आला पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. निकाल खड्ड्यांचा आहे, पण मला त्यात व्यवहार दिसतो. पालिकेच्या खिशातून पैसे जायला लागले की खड्डा कुणी पाडला हे शोधण्यात पहिल्यांदाच तिचा स्वार्थ येईल. फुटपाथच्या बाबतीत तो स्वार्थ अजून आलेला नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. चारशे फुटांच्या घरात बाथरूमच्या फरशा बदलणाऱ्याला या अनामतीच्या भानगडीत ओढू नये. त्याच्या दहा-बारा गोण्या डेब्रिज खाली दोन दिवस पडतं, चिडचिड होते, पण त्यानं कर्ब मोडत नाही. त्याला सोसायटी पुरे आहे. आमच्याकडे घराचं काम काढलं की १० हजार अनामत घेतात, लिफ्टला आतून प्लायवूड मारून घेतात, जिन्याचा कठडा खरवडला तर पैसे कापतात. आमचे सेक्रेटरी कठड्यावरून बोट फिरवून बघतात, इतके काटेकोर. गेटच्या आतल्या वस्तूची ही व्यवस्था आपल्याला कुणी शिकवलेली नाही, आपसूक सुचली. तीच माणसं गेटबाहेर एक पाऊल टाकतात आणि त्यांची नजर बदलते.

हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही, कारण आता आमच्याच सोसायटीचा नंबर आलाय. विकास कराराचा मसुदा फिरतोय. कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती रक्कम), भाडं, शिफ्टिंगचा खर्च, पार्किंग, लिफ्टची कंपनी, किचनच्या ओट्याचा दगड. सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखालच्या पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचनांत प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे, ती कशी घ्यायची यावर आमच्या दोन बैठका झाल्या. बिल्डर पळाला तर काय, मजला रखडला तर काय, सगळ्याचा विचार झाला. समोरच्या फुटपाथवर एक ओळ नाही. मी एसजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत, उठून म्हटलं की एक कलम घालू, काम संपल्यावर फुटपाथ होता तसा करून द्यायचा, न दिल्यास बँक गॅरंटीतून खर्च. आधी हशा झाला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी नेमकं विचारलं, ‘‘म्हणजे बिल्डर ते पैसे आपल्या कॉर्पसमधून कापणार?’’ मी म्हटलं, कापेल कदाचित. माणशी काही हजार येतील. त्यावर कुणी हसलं नाही. चेअरमन म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ.

मी पुढच्या मीटिंगची वाट न बघता गेल्या रविवारी सकाळी सात वाजता टेप आणि फोन घेऊन खाली उतरलो. काकू दूध घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी गेटला अडकवली आणि बऱ्या झालेल्या हातानं टेपचं दुसरं टोक धरलं. दर दहा फुटांवर थांबायचं, टेप दिसेल असा फोटो घ्यायचा. पाच-सहा फोटो झाले. आमच्या गेटपाशी आल्यावर काकू थांबल्या. तिथे सोसायटीतल्या गाड्या आत चढाव्यात म्हणून फुटपाथवर सिमेंटचा उतार केलेला आहे, चांगला तीन फूट पुढे आलेला, कर्ब पूर्ण गाडून.

‘‘हा कधी केला हो आपण?’’ त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आधीपासूनच तसं होतं.’’